मस काढायचा आहे, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणारी संस्था) म्हणते 'कॉस्मेटिक'. कोणाला क्लेम मिळालाय का?

नमस्कार मंडळी. वय ४१, राहणार नागपूर. उजव्या जबड्याखाली लहानपणापासून मस आहे. आई म्हणायची, राहू दे, शुभ असतो. इतकी वर्षं त्याने काही त्रासही दिला नाही. पण हेल्मेटचा पट्टा नेमका त्याच्यावरूनच जातो. वर्धा रोडवरून घरी पोचेपर्यंत घामाने तिथे चरचरतं, आणि दोन महिन्यांत तीनदा रक्त आलं. तोंडाला बांधलेल्या पांढऱ्या दुपट्ट्यावर डाग पाहिला तशी बायकोने धरून धंतोलीत स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. एक कड वेडीवाकडी, रंग एकसारखा नाही, आकार ७ मिलिमीटर. ६ च्या वर गेला की सावध व्हायचं म्हणे. "बहुतेक साधाच असेल, पण लेझरने जाळून घेऊ नका. जाळला तर तपासायला काही उरत नाही. पूर्ण कापून बायोप्सीला पाठवू." लोकल भूल, चार टाके, त्याच दिवशी घरी. खर्च सगळा मिळून १८ हजारांच्या आसपास.

हॉस्पिटलच्या टीपीए खिडकीवरच्या मुलीने 'तीळ' एवढंच ऐकलं नि कागद परत सरकवला. मग रात्री बसून पॉलिसीची पुस्तिका वाचली (हप्ते दोन भरले, उघडली पहिल्यांदाच). एक्सक्लूजन ०८ मध्ये (विम्यात काय बसत नाही, त्यातलं कलम) दिसणं बदलायचे उपचार बाद आहेत खरे, पण तब्येतीला थेट धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं लिहून दिलं तर नाहीत. म्हणजे खिडकीवर मिळालेलं उत्तर अर्धवटच होतं.

पण पुढच्याच पानावर दुसरी मेख निघाली. साध्या गाठी, सिस्ट वगैरेंना २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड (तोवर क्लेम नाही), आणि माझ्या पॉलिसीला झालेत २०. मस साधा निघाला तर बहुधा त्यात अडकणार. वाईट, म्हणजे कॅन्सरचा निघाला तर तो साधा राहिलाच नाही. आता कापल्याशिवाय रिपोर्ट नाही, आणि रिपोर्टशिवाय कोणता नियम लावायचा ते कळत नाही!

एजंटला विचारलं तर म्हणतो, "एक रात्र भरती दाखवून टाका ना भाऊ." ते करणार नाही. खोटं पकडलं गेलं तर पॉलिसीच जाईल, आणि त्याच फ्लोटरवर (घरातल्या सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी) शुगरवाले बाबा आहेत. साळा म्हणतो मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) काढून घे, स्वस्तात होईल. तोही विचार चालू आहे.

अनुभवी लोकांना विचारायचंय:

डॉक्टरांच्या चिठ्ठीत नेमकं काय असावं? वारंवार रक्त येणं, बदललेली कड, 'संशयित, बायोप्सी आवश्यक' एवढं पुरतं का? क्लिनिकच्या खोलीत काढला तर ओपीडी म्हणून उडवतात असं ऐकलंय. ऑपरेशन थिएटरमध्ये डे-केअर म्हणून नोंद झाली तर २४ तास भरती नसली तरी चालतं ना? आणि आधी कॅशलेस मागून नकार ओढवून घ्यावा, की थेट पैसे भरून रिपोर्टसकट रिएम्बर्समेंट टाकावं?

कंपनीने नाकारलं तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे, मग विमा लोकपालाकडे, तिथे फी नाही, हे माहीत आहे. १८ हजारांसाठी कोणी तिथवर गेलंय का?

ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. २४ महिने भरेपर्यंत थांबा, हा सल्ला मात्र देऊ नका. ते घरात ठरून गेलंय.