मदत हवी आहे: जावात क्लोन करूनही मूळ अ‍ॅरे बदलतोय

नमस्कार मंडळी. जावात सुडोकू सोडवणारा प्रोग्रॅम लिहितेय आणि दोन दिवस एकाच जागी अडकलेय.

‘कोडे’ या क्लासमध्ये इंट प्रकारचा ९ बाय ९ अ‍ॅरे आहे, नाव ‘पट’. ‘पुन्हा सुरू’ दाबल्यावर मूळ कोडं दिसावं म्हणून आकडे भरण्याआधी मी पटाची प्रत काढून ठेवते. आधी नुसतं ‘प्रत = पट’ लिहिलं होतं. त्यात नवा अ‍ॅरे तयारच होत नाही, एकाच अ‍ॅरेला दोन नावं मिळतात, हे वाचून कळलं. म्हणून ‘प्रत = पट.क्लोन()’ केलं. तरीही ‘पुन्हा सुरू’ दाबलं की भरलेले आकडेच दिसतात!

‘प्रत == पट’ छापलं तर फॉल्स येतं, म्हणजे अ‍ॅरे वेगळे आहेत. एकमितीय अ‍ॅरेवर क्लोन नीट चालतो. अ‍ॅरेज.कॉपीऑफ वापरूनही तेच. पट प्रायव्हेट आहे, फायनलही आहे. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
‘प्रत[०] == पट[०]’ छापून बघा, ट्रू येईल. जावात द्विमितीय अ‍ॅरे म्हणजे अ‍ॅरेंचा अ‍ॅरे. बाहेरच्या अ‍ॅरेत आकडे नसतात, ९ ओळींचे रेफरन्स (ओळ कुठे आहे ते दाखवणारे पत्ते) असतात. क्लोनने बाहेरचा अ‍ॅरे नवा दिला, आतल्या ओळी मात्र त्याच राहिल्या. कॉपीऑफ आणि सिस्टिम.अ‍ॅरेकॉपी हेही एकाच पातळीपर्यंत जातात. ओळ न ओळ क्लोन करा:

इंट[][] प्रत = न्यू इंट[पट.लेंग्थ][];
फॉर (इंट i = ०; i < पट.लेंग्थ; i++)
प्रत[i] = पट[i].क्लोन();

ओळीत साधे इंट आहेत, म्हणून तिथे थांबलं तरी चालेल. ८१ आकड्यांच्या प्रतीने वेग कमी होईल अशी भीती बाळगू नका.

धागाकर्ती
ट्रूच आलं! आता ‘पुन्हा सुरू’ चालतंय, मनापासून आभार. पण ‘इशारा’ बटण दाबलं की मूळ पट अजूनही बदलतो. इशारा देणारा क्लास ‘गेटपट()’ने पट मागतो आणि त्यात आकडे घालून बघतो.

प्रतिसाद २
गेटपट() थेट ‘रिटर्न पट’ करत असणार. मग प्रायव्हेटचा काय उपयोग, आतला अ‍ॅरे तुम्हीच बाहेर दिलात. फायनलमुळे ‘पट’ला दुसरा अ‍ॅरे जोडता येत नाही एवढंच, घरांतले आकडे कुणीही बदलू शकतो. प्रतिसाद १ मधला लूप एका मेथडमध्ये टाका आणि गेटपट()मधून तिने काढलेली प्रत द्या. कन्स्ट्रक्टरमध्येही (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) तेच करा, कारण ज्याने अ‍ॅरे दिला त्याच्याकडे त्याचा रेफरन्स उरतोच. तिथे आकडे १ ते ९ मध्ये आहेत का हे तपासत असाल तर आधी प्रत काढा आणि तपासणी प्रतीवर करा. उलट क्रम लावला तर तपासणी आणि कॉपी यांच्या मधल्या वेळात दुसरा थ्रेड (प्रोग्रॅमचा त्याच वेळी चालणारा दुसरा भाग) आकडा बदलू शकतो.

प्रतिसाद ३
पुढेमागे घरांत इंटऐवजी ऑब्जेक्ट ठेवणार असाल तर ओळ क्लोन करून भागणार नाही, ऑब्जेक्ट सामायिकच राहतील. स्ट्रिंग बदलतच नाही, त्यामुळे ती चालते. स्वतःचा ‘घर’ क्लास केलात तर प्रत्येक घराचीही प्रत काढावी लागेल. आणि अ‍ॅरेज.अ‍ॅझलिस्टला प्रत समजू नका, ती लिस्ट मागे तोच अ‍ॅरे वापरते.

धागाकर्ती
कन्स्ट्रक्टर आणि गेटपट(), दोन्हीकडे प्रत काढली. लागोपाठ दहा इशारे मागितले, मूळ पटातला एकही आकडा हलला नाही. आता घराचा क्लास लिहायला घेते.