कॅशेल मतदारसंघ पुनर्रचनेत गेला की आणखी कशाने?

कोपरीकर: पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले रॉबर्ट पील यांच्याविषयी वाचताना असे आढळले की, लॅंकेशायरचे हे गृहस्थ 1809 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यातल्या कॅशेल गावातून ब्रिटिश संसदेत गेले. पुढे मात्र या मतदारसंघाचे नाव यादीतून नाहीसे होते. 2008 च्या पुनर्रचनेनंतर आपल्या ठाण्यात कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा असे नवे मतदारसंघ आले, तसेच तेथेही काही झाले असावे काय? आणि एका परक्या तरुणाला तेथील लोकांनी निवडले तरी कसे?

ऐरोलीचा वाचक: लोकांनी निवडले असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या वेळी कॅशेलमध्ये मताचा हक्क नगरपालिकेच्या मोजक्या सभासदांना, म्हणजे जेमतेम 24 जणांना होता आणि ती पालिका पेनफादर घराण्याच्या मुठीत होती. पील यांच्या श्रीमंत वडिलांनी पैसे मोजले आणि चिरंजीव बिनविरोध आले. 1832 च्या निवडणूक सुधारणेने वर्षाला दहा पौंड मूल्याच्या घरात राहणाऱ्यांना मत मिळाले. पण मतदान उघड असल्यामुळे, अधिकाऱ्यासमोर मतदाराने उच्चारलेले नाव पैसे देणाऱ्यालाही ऐकू येत असे. 1868 च्या निवडणुकीत लाचखोरी इतकी बोकाळली की 1870 मध्ये संसदेने कायदा करून कॅशेलचा आणि त्याच्याबरोबर स्लायगो या दुसऱ्या आयरिश गावाचा मतदारसंघच रद्द केला. तेव्हा ही पुनर्रचना नव्हे, शिक्षा होती. गुप्त मतदान 1872 मध्ये आले. कॅशेलला त्याचा उपयोग होणार नव्हता.

जुनी पाने: यात एक भर घालतो. 1801 मध्ये आयर्लंडची संसद ब्रिटिश संसदेत विलीन झाली आणि आयर्लंडच्या जागा 300 वरून 100 वर आल्या, तेव्हा 84 नगर मतदारसंघ बंद झाले आणि त्यांच्या मालकांना प्रत्येकी 15,000 पौंड भरपाई मिळाली, जणू रस्तारुंदीत दुकान गेले होते. कॅशेलची एक जागा तेव्हा वाचली, आणि म्हणून 1870 मध्ये ती गेली तेव्हा कोणाच्या हाती दमडी पडली नाही.

कोपरीकर: आभारी आहे. मग 1870 नंतर कॅशेल गावाचे प्रतिनिधित्व कोणाकडे गेले?

ऐरोलीचा वाचक: टिपरेरी परगण्याच्या खासदारांकडे.