जगभरातला 'ने' एकच आहे का?

सायली_क: सध्या कोरियन मालिका बघते आहे. त्यात 'हो' म्हणायचं तर 'ने' म्हणतात. आमच्या गटात एक संदेश फिरतोय की ग्रीक, कोरियन, जपानी, सर्बियन सगळ्यांचा 'ने' आपल्या संस्कृत 'न'मधूनच गेलाय. पण मग एकीकडे 'हो' आणि दुसरीकडे 'नाही' असं कसं?

अनुवादिनी: सायली, निम्मा संदेश खरा आहे, तो आधी घेते. संस्कृत 'न', फारसी 'न', लॅटिन 'ने', सर्बियन-चेक-बल्गेरियन 'ने', लिथुएनियन 'ने' हे सगळे सख्खे नातेवाईक. पण ही भावंडं आहेत. संस्कृत त्यांची आई नाही. आई त्याहून जुनी, जिला अभ्यासक आद्य भारोपीय, म्हणजे भारतापासून युरोपपर्यंतच्या अनेक भाषांची मूळ भाषा, म्हणतात. इंग्रजीतल्या 'नेव्हर', 'नन', 'नीदर' या शब्दांच्या सुरुवातीलाही तोच जुना नकार चिकटलेला आहे.

ग्रीक 'ने' म्हणजे 'हो', आणि 'नाही'ला 'ओही'. हा 'ने' प्राचीन ग्रीकमधल्या 'नाइ'पासून आला. तो खात्री देणारा शब्द होता, नकाराशी त्याचा संबंध नाही. त्यात शेजारच्या बल्गेरियात 'ने' म्हणजे 'नाही', आणि तिथे पारंपरिक पद्धतीने नकार देताना मान वर-खाली हलवतात! पहिल्यांदा जाणाऱ्याची त्रेधा उडते ती उगाच नाही.

कोरियनचा 'ने' तर वेगळ्याच घराण्यातला. नीट कान देऊन ऐक, कधीकधी तो 'दे'सारखा ऐकू येईल, कारण शब्दाच्या सुरुवातीचा 'न' कोरियन लोक नाकातून कमी उच्चारतात.

मुक्काम_पोस्ट: जपानी 'ने' पोर्तुगीजांकडून आला, असं मी ऐकलंय. ब्राझीलमध्येही वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात ना?

अनुवादिनी: लावतात, आणि वापरही हुबेहूब जुळतो: 'आज उकडतंय, ने?' मी जपानीतून भाषांतरं करते, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा. पोर्तुगीज 'ने' म्हणजे 'नाउं ए' (नाही का) याचं आखडलेलं रूप. जपानी 'ने' हा जपानीचाच वाक्यान्ती येणारा निपात, म्हणजे रूप न बदलणारा छोटा शब्द. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोहोचले आणि बटणासाठी 'बोतान' हा शब्द देऊन गेले, जशी आपल्याला 'चावी' दिली. वस्तूबरोबर नाव येतं, ते समजण्यासारखं आहे. पण वाक्याच्या शेपटीचा इवलासा निपात असा सहजासहजी उसना घेतला जात नाही.

आणि तुम्ही स्वतःच आत्ता 'लावतात ना?' असं लिहिलंत! आपला 'ना'ही नकारातूनच दुजोरा मागायला शिकला. 'हो ना!' मध्ये तर तो चक्क होकाराला जोर देतो. पोर्तुगीजांनी आणि आपण ही वाट आपापली शोधली. मला हे उसनवारीपेक्षा कितीतरी सुंदर वाटतं. समोरच्याची संमती हवी असते, म्हणून माणूस आपल्याच विधानाला हलकेच नकार जोडून ते त्याच्यापुढे ठेवतो.

गाथावाचक: एक भर घालतो. मराठीत दोन 'नेणे' आहेत. एक घेऊन जाणे, संस्कृत 'नी' धातूपासून. दुसरं संतवाङ्मयातलं, न जाणणे. 'जाणता-नेणता' म्हणतो त्यातला 'नेणता' या दुसऱ्याचा.

अनुवादिनी: वा! म्हणजे एकाच भाषेत, एकाच रूपात दोन निराळी मुळं. ऋग्वेदातही असंच कोडं आहे: तिथे 'न' कधी 'नाही', तर कधी 'सारखा', आणि 'सारखा' या अर्थी तो उपमानाच्या, म्हणजे ज्याची उपमा दिली त्या शब्दाच्या, मागून येतो.

सायली_क: फ्रेंचमध्ये लग्नाआधीच्या आडनावापुढे 'ने' लिहितात, तो यातला कुठला?

अनुवादिनी: कुठलाच नाही. तो 'जन्मलेली' या अर्थाचा, लॅटिन 'नाता'पासूनचा. फ्रेंचचा नकारार्थी 'ने' निराळा, तो मात्र वरच्या भावंडांतला. बोलताना फ्रेंच लोक तो गाळतात आणि मागच्या 'पा'वर नकार निभावतात. 'पा'चा मूळ अर्थ पाऊल! 'एक पाऊलही चालत नाही' यातलं पाऊल आता एकट्यानेच 'नाही' म्हणतंय. तुमच्या गटात हे नक्की पाठव, पण 'सगळं संस्कृतमधून' ही ओळ काढून.