पहिल्याच फोनवर हातात येणारा पगार सांगा

वेर्णेकर
गोव्यात वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांतल्या कंत्राटी जागांसाठी एजन्सीचे रिक्रूटर (माणसं भरणारे) फोनवर 'वीस हजार सीटीसी', म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च, सांगून मोकळे होतात. हे थांबायला हवं. समजा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 18,000, त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 12,000. पीएफ 12 टक्क्यांनी 1,440, ईएसआय (कामगार विमा) 0.75 टक्क्यांनी 135. हातात 16,425. मालकाच्या बाजूचे पीएफचे, त्यावरचे इतर खर्च धरून, 13 टक्के, म्हणजे 1,560, आणि ईएसआयचे 3.25 टक्के, 585, मिळवले की 20,145 होतात. 'वीस' आले ते इथून. कँटीन आणि बसची कपात असेल तर ती वेगळीच. पहिला पगार खात्यात पडला की पोरगा काम सोडतो. मेडिकल, गेटपास, ट्रेनिंग सगळं पाण्यात.

फोंडेकर
पटत नाही. क्लायंटची, म्हणजे माणसं मागणाऱ्या कंपनीची, मागणीच सीटीसीत येते, वेतनरचना (पगाराची फोड) बरेचदा निवड झाल्यावर मिळते. हातात नसलेला आकडा रिक्रूटर कुठून सांगणार? त्याच जागेसाठी तीन एजन्सी धावत असतात. तुम्ही सोळा म्हणालात आणि दुसरा वीस म्हणाला, तर बायोडाटा त्याच्याकडून जाणार. क्लायंटकडे ज्याचा मेल आधी पोचतो, उमेदवार त्याचा. शिवाय ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, तो तुमच्या हिशेबात नाहीच.

मडगावची
ओव्हरटाइम धरून पगार सांगू नका हो! ऑर्डर घटली की आधी तोच बंद होतो. त्यावर पीएफ लागत नाही, हेही कुणी सांगत नाही. 'माझा पीएफ कापू नका' म्हणणाऱ्याला 'बघू' असं उत्तर देणं तर सरळ चुकीचं. बेसिक-डीए 15,000 पर्यंत असेल तर पीएफ टळत नाही. आधीचा यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) चालू असेल तर त्याच्या वरही नाही.

डिचोलीकर
फोंडेकर, मेल आधी पोचवण्याच्या घाईतच घोळ होतो. न विचारता बायोडाटा पुढे गेला, तो दोन एजन्सींकडून पोचला, की क्लायंट कटकट नको म्हणून माणसालाच बाद करतो. जागा, कंपनी आणि पगार लिहून व्हॉट्सॲपवर 'हो' घ्या, मगच पाठवा. शिफ्टही तेव्हाच सांगा. वाळपईच्या मुलीला रात्रपाळी दिली आणि कंपनीची बस फोंड्यापर्यंतच असली, तर ती जागा तिच्यासाठी नाहीच.

फोंडेकर
लेखी संमती मान्य. पण रचना येईपर्यंत थांबणं लहान एजन्सीला परवडत नाही. पगार 7 तारखेच्या आत द्यायचा, क्लायंटचं बिल 45 दिवसांनी सुटणार, त्यावरचा 18 टक्के जीएसटी मात्र आधी भरायचा. जागा रिकाम्या राहिल्या तर हे ओझं पेलायचं कशावर?

वेर्णेकर
बिल उशिरा सुटतं हा एजन्सी आणि क्लायंटमधला प्रश्न, तो उमेदवाराच्या आकड्यात लपवू नये. पगार थकला तर शेवटी मूळ मालकालाही, म्हणजे क्लायंटलाही, भरावा लागतो, म्हणून रचना आधी द्यायला क्लायंटचा एचआर नाही म्हणत नाही. मागतच कुणी नाही. मागणीच्या मेलला उत्तर देताना तीनच गोष्टी विचारा: बेसिक-डीए किती, कपाती कोणत्या, बस कुठपर्यंत. उत्तर येईपर्यंत फोनवर 'सीटीसी वीस, हातात साधारण सोळा ते साडेसोळा, ओव्हरटाइम धरलेला नाही' एवढं बोलायला काय अडतं?

फोंडेकर
'साधारण' म्हटलेला आकडा उमेदवार पक्का धरून बसतो. पंधरा हजार आठशे आले तर शिव्या रिक्रूटरलाच.

मडगावची
मग खालचा आकडा सांगा. जास्त आले म्हणून कुणी काम सोडत नाही.