पुस्तक वाचताना भरून येतं, मिटलं की सगळं कोरडं... असं का होतं?

प्रश्न: गेले सहा महिने अध्यात्मावरची नवीनच आलेली पुस्तकं वाचतेय, रात्री वाचताना डोळे भरून येतात, पेन्सिलीने ओळीच्या ओळी अधोरेखित करते आणि सकाळी प्रार्थनेला बसलं की मन कोरडं ठाक, काहीच जाणवत नाही. माझी श्रद्धा खोटी आहे का?

उत्तर १: अजिबात नाही हो. मदर तेरेसांची पत्रं त्या गेल्यावर, २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली ती वाचा. देव जवळ आहे असं त्यांना कितीतरी दशकं जाणवतच नव्हतं, आत नुसता अंधार, तरी काम सोडलं नाही. ते वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो.

उत्तर २: मला वाटतं आपण फार भराभर वाचतो. आई आजारी होती तेव्हा मला एकच वाक्य महिनाभर पुरलं, तिच्या उशाशी बसून तेच मनात म्हणायचो, पुढचं पान उलटावंसंच वाटलं नाही.

प्रश्नकर्ती: दोघांचेही खूप आभार, खरंच धीर आला. उद्या नवीन पुस्तक नाही उघडणार, त्या अधोरेखित ओळींतली एकच घेऊन बसते.