मदत हवी आहे : गॅमा किरणांनंतर एसएफ-९ पेशींत मायक्रोन्यूक्लियस का दिसत नाहीत?

एसएफ-९ पेशी (पतंगाच्या एका जातीपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या), २७ अंश सेल्सिअस, कार्बन डायऑक्साइडविना, माध्यमाचा पीएच ६.२. लॉग अवस्थेत (वेगाने वाढत असताना), ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत असताना ०, १०, ५० आणि १०० ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा दिली. ४८ तासांनी मोजणी केली, तर ५० ग्रेलाही मायक्रोन्यूक्लियस (मागे राहिलेल्या गुणसूत्राच्या तुकड्यापासून बनणारे छोटे केंद्रक) नगण्य. सस्तन पेशी २-३ ग्रेलाच भरपूर दाखवतात.

पतंगवर्गीय पेशी किरणांना चिवट असतात, हे मान्य. पण त्यांची गुणसूत्रे होलोसेंट्रिक, म्हणजे तर्कूचे (विभाजनात गुणसूत्रे ओढणारे) धागे लांबीभर जोडले जातात. त्यामुळे तुटलेला तुकडाही विभाजनात ओढला जातो, मागे राहत नाही. मग ही मायक्रोन्यूक्लियस चाचणी मुळात तुटणे मोजते की फक्त तुकडा हरवणे? माझा कौल दुसऱ्या बाजूला.

म्हणून अल्कलाइन कॉमेट चाचणीकडे वळलो; तिच्यात तुटलेला डीएनए विद्युतक्षेत्रात शेपटीसारखा पसरतो. तिथे वेगळीच गोची: किरण न दिलेल्या पेशींनाही शेपट्या! संशय पेशी धुण्याच्या फॉस्फेट बफरवर आहे. नेहमीचा बफर सस्तन पेशींसाठी, साधारण २९० मिलिऑस्मोलचा (विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाचे, म्हणजे ऑस्मोलॅलिटीचे, माप). कीटकपेशींचे माध्यम ३५०च्या आसपास. त्यात धुतल्या की पेशी फुगणारच.

जाणकारांना तीन प्रश्न. बफरमध्ये सुक्रोज घालून ऑस्मोलॅलिटी वाढवली तर लायसिसवर (पेशी फोडण्याच्या टप्प्यावर) परिणाम होतो का? किरण देतानाही पेशी बर्फावर ठेवता का, की नंतर लगेच? २७ अंशांवर डीएनएची दुरुस्ती चालूच राहते, तेव्हा १०-१५ मिनिटांचा उशीरही आकडे बिघडवेल. आणि सायटोकॅलेसिन-बी (केंद्रक विभागले तरी पेशी दुभागू न देणारे रसायन) देऊन द्विकेंद्रकी पेशी मोजल्या असतील, तर या पेशींना कोणती मात्रा मानवते?