मदत हवी आहे: दुकानाचा पीसी चालूच होईना, सकाळी हळदीचे सौदे आहेत

हळदकट्टा: सांगली मार्केट यार्डात आमची अडत आहे. दुकानाच्या पीसीवर लिनक्स आहे, दोन वर्षांत कधी अडलं नाही. आज दुपारपासून चालू केला की काळा पडदा, दीड मिनिट काहीतरी मोजत बसतो आणि मग पासवर्ड मागतो. शेतकऱ्यांच्या सगळ्या हिशेबाच्या पट्ट्या त्यातच आहेत. लवकर सांगा. फॉरमॅट करायचा नाही.

मिरजजंक्शन: दादा, कुठलं लिनक्स? पडद्यावर नेमकं काय येतंय ते जसंच्या तसं लिहा.

कृष्णाकाठ: लाइट गेली असणार. एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, सगळ्याला हो म्हणा. माझे दोन पीसी त्यानंच उठले.

मिरजजंक्शन: माउंट असलेल्या, म्हणजे वापरात असलेल्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) एफएससीके चालवायला सांगू नका ओ! धडधाकट डेटा जाईल त्यांचा.

कृष्णाकाठ: पंधरा वर्षं करतोय, माझं काही गेलं नाही.

हळदकट्टा: डेबियन १२. लाइट गेली नव्हती, इन्व्हर्टर आहे. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’, पुढं यूयूआयडी आणि लांबलचक आकडे. शेवटी ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’.

अजिंक्यतारा: सिस्टमडीचा त्रास आहे हा, पीसी चालू होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम तो. २०१५ ला डेबियन ८ मध्ये तेच मुख्य केलं, तेव्हापासून मी देवुआनवर (सिस्टमडी नसलेलं डेबियन) आहे. तुम्हीही या.

मिरजजंक्शन: उद्या सौदे असलेल्या माणसाला आज रात्री नवीन सिस्टम टाकायला लावता? त्यासाठी वेगळा धागा काढा. दादा, ते ९० सेकंद कुठल्यातरी डिस्कची वाट बघतंय. एखादी डिस्क काढलीत का?

हळदकट्टा: हो, सकाळी जुनी ५०० जीबीची काढली. टकटक आवाज करत होती. तिच्यात फक्त मागच्या सालची खाती, लिनक्स एसएसडीवर आहे. म्हणून लिहिलं नव्हतं.

मिरजजंक्शन: तिथंच अडलंय. डिस्क गेली, पण एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीची फाइल) तिची ओळ राहिली. रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड देऊन आत जा. ब्लकआयडी ही आज्ञा चालवा, जोडलेल्या डिस्कचे यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक दिसतील. मग नॅनो एडिटरमध्ये ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब उघडा. जो यूयूआयडी यादीत नाही, त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका, म्हणजे ती ओळ वाचली जाणार नाही. बाकीच्या ओळींना हात लावू नका. सेव्ह होत नसेल तर लिनक्सचं मुख्य पार्टिशन रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारं) असेल, आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्या. मग रीबूट.

वारणेचा_वाघ: पट्ट्या मराठीत छापत असाल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घ्या, कुठल्याही मशीनवर चालतो.

कृष्णाकाठ: आणि बॅकअप तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या पुरात आमच्या वह्या आणि पीसी दोन्ही पाण्यात गेले. आठ दिवसांनी दार उघडलं तर नुसता गाळ.

हळदकट्टा: आमच्या वह्या वाचल्या होत्या, माळ्यावर होत्या म्हणून.

हळदकट्टा: चालू झाला! सगळ्या पट्ट्या जागेवर आहेत. मिरजकर, फार उपकार झाले. आता ती जुनी डिस्क बाहेरून जोडून खाती काढून घेऊ का?

मिरजजंक्शन: आज नको. टकटक करणारी डिस्क प्रत्येक वेळी चालू केली की आणखी खराब होते. आधी तिच्यापेक्षा मोठी रिकामी डिस्क आणा, डीडीरेस्क्यूनं (खराब डिस्कमधून कॉपी काढणारा प्रोग्राम) तिची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घ्या आणि खाती त्या इमेजमधून काढा. नवीन डिस्क कायमची जोडाल तेव्हा एफएसटॅबमध्ये तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय लावा, म्हणजे ती नसली तरी पीसी चालू होईल. खाती फारच महत्त्वाची असतील तर हे काहीच न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्या.

कृष्णाकाठ: तिच्यावर एफएससीके चालवून बघायला काय हरकत आहे?

मिरजजंक्शन: चालवायचं तर इमेजच्या कॉपीवर चालवा. मूळ डिस्कवर अजिबात नाही.